महिपतमामाची करवत ठेक्यात गेली नाही

महिपतमामाले जाऊन महिना झाला. घरात अजून रडूनच राह्यले सगळे. पन मामाबद्दल रडकं लिहिलं तं मामाले आवडलं नसतं. छाती काढून चालनारा मानूस होता तो.

मामा मूळचे बेल्याचे. आदिलाबादच्या मुन्सिपालटीत झाडाइवर नोकरीले होते, हाताखाली दोन गडी. रस्त्यावरचे लिंब, चिंचा तारेले लागले की छाटाचे, वाळलेली फांदी काढाची, एवढंच काम. पन मामा असं सांगत जसं काही पाटीलकीच हाये.

सत्त्याऐंशी साली नवे कमिशनर आले. तेलुगू मानूस, आमच्यासंगं हिंदीत बोलत. त्याइच्या मनात आलं, झाडाचं काम ठेकेदाराले द्याचं अन् मामाले नाल्या काढनाऱ्या गँगवर टाकाचं. पन आदी एक रस्ता देऊन पाहू म्हने. फागुनात बसस्टँडच्या रस्त्याची डावी बाजू ठेकेदार बाबारावले देली, उजवी मामाले.

बाबारावच्या गड्याइनं दोन दिवसात डावी बाजू उरकली. वरून कुऱ्हाड हानली की फांदी कडकड करत खाली. मामा आदी फांदीले दोर बांधत. मंग खालच्या अंगानं थोडी करवत चालवत, मंग वरून. दोरानं फांदी हळूच उतरवत. राह्यलेला खुंट मंग येगळा कापत. नऊ दिवस लागले.

बाबाराव खालून ओरडे, "काऊन हो महिपतराव, झाडाची हजामत करून राह्यले का नवरदेवाची?"

"तुह्या हजामतीत कान कापला जाते, बाबाराव. वर पाह्य जरा!"

घरी पंचफुलामामीचा जीव खालीवर. "नालीवर टाकलं तं काय करसान?"

"टाकत नाही कोनी. तू भाकर टाक."

दहाव्या दिवशी साहेबानं बलावलं. "नौ दिन, महिपत? ठेकेदार का दो दिन में हो गया." समोर ठेक्याचा कागद, हातात पेन.

मामा म्हनले, "साब, अभी मत देखो. झाड का काम पोले को दिखता."

"और पोले तक मेरा ट्रान्सफर हो गया तो?"

"तो नये साब को दिखाऊंगा. झाड का ट्रान्सफर नहीं होता."

साहेब खो खो हसले. पेनाले टोपन लावलं अन् कागद टेबलाच्या खनात टाकला.

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी मामा सोता जाऊन साहेबाले घेऊन आले, संगं शिडी. पयले डावी बाजू. फांदी पडताना सालीची हातभर पट्टी सोलत खाली गेल्ती. पावसाचं पानी मुरून आतलं लाकूड काळं पडलं होतं. मामानं साहेबाले शिडीवर चढवलं.

"उंगली डालो, साब."

साहेबाचं बोट अर्धं आत गेलं. हात झटकत उतरले. मंग उजवी बाजू. तिथं जखमीच्या भवताल नवी साल बांगडीवानी गोल वळली होती, मधलं लाकूड खडखडीत. साहेबानं दाबून पाह्यलं, नख बी रुतलं नाही.

बाबाराव तिथंच उभा होता. म्हने, "साब, एक दो झाड में होता है ऐसा."

मामा म्हनले, "चल नं, मोजू." बाबाराव काही चालला नाही.

दुसऱ्या दिवशी साहेबानं खनातला कागद फाडला, नवा केला. फांद्या उचलनं अन् खड्डे खोदनं ठेकेदाराकडं. झाडावर चढनं अन् कापनं मुन्सिपालटीच्याच मानसाइकडं, म्हंजे मामाकडं. तिसरा गडी बी भेटला.

मामा अठ्ठ्यान्नवले रिटायर झाले, तोपर्यंत नालीवर एक दिवस गेले नाही. कागद फाडला त्या दिवशी घरी येऊन मामीले एवढंच म्हनले, "उद्या चिंचीवर चढाचं हाये. डबा दोन भाकरीचा दे."

मामी म्हने, "अन् काय झालं थे तं सांगा!"

"सांगतलं नं. चिंचीवर चढाचं हाये."