दगडाची राणी आणि आक्कांचा गूळ

फोन आला तेव्हा गिरणी चालू होती. कळंबला आमच्या घराच्या पुढच्या खोलीतच पिठाची गिरणी आहे. ज्वारीचं दळण पडत होतं आणि त्या आवाजात महेश काय बोलतोय ते मला ऐकूच येईना. महेश माझा पुतण्या, धाराशिवच्या दवाखान्यात आईजवळ थांबलेला. मी बटण बंद केलं. घरघर हळूहळू कमी होत गेली आणि पट्टा थांबता थांबता त्याचं बोलणं कानावर आलं, "काकू, आई गेली..." डबे घेऊन बसलेल्या बायका माझ्या तोंडाकडे बघत होत्या. "आज दळण होणार नाही. आमच्या आक्का गेल्या," एवढं त्यांना सांगितलं आणि तिथंच पिठात बसले.

आक्का म्हणजे कुसुमआक्का, माझ्या थोरल्या जाऊबाई. जावा-जावा म्हटलं की लोकांना हेवादावाच आठवतो. आम्ही मात्र लग्न झाल्यापासून एकाच घरात, एकाच गॅसवर राहिलो आणि भांडलो ते फक्त फोडणीत लसूण आधी की जिरं आधी यावरून. भेटायला बायका येऊ लागल्या तेव्हा प्रत्येकीच्या तोंडी एकच वाक्य. "सगळं झालं बाई त्यांचं, पण एक इच्छा राहिली बघ." असं म्हणून माझ्या पोटाकडं बघायचं. माझं वय आता तिकडं बघण्यासारखं राहिलेलं नाही, पण लोकांची सवय काही जात नाही. त्याच वेळी आमच्या भजनी मंडळातल्या दोघी कोपऱ्यात कुजबुजत होत्या, "नवस मोडला ना त्यांनी, तोच भोवला." एकतर इच्छा राहिली म्हणा, नाहीतर नवस भोवला म्हणा. दोन्ही खापरं एकाच बाईच्या माथ्यावर कशाला? दहाव्याला कावळा पटकन शिवला, तेव्हा इच्छेवाल्या गप्प झाल्या. मला त्या कावळ्याच्या साक्षीची गरज नव्हती. पण दुसरं बोलणं मनात रुतून बसलं, खोटं कशाला बोलू! तो नवस माझ्यासाठी बोललेला होता, आणि तो सुटला तेव्हा डबा माझ्या हातात होता. त्या दिवशी नेमकं काय झालं हे आता एकट्या मलाच माहीत आहे, म्हणून लिहायला बसले.

मला मूल होत नव्हतं. लातूर झालं, सोलापूर झालं, सगळे डॉक्टर झाले. मग आक्कांनी मला हाताला धरून देवांकडं न्यायला सुरुवात केली. तुळजापूर, रामलिंग, अंबाजोगाई... कुठलं ठाणं सोडलं नाही. आणि एकदा येरमाळ्याला येडाईपुढं उभं राहून त्या माझं नाव घेऊन मोठ्यानं बोलल्या, "आई, नंदीची कूस उजव. तवर म्या गूळ तोंडात घालणार न्हाय." मी मागून त्यांचा पदर ओढला. कारण आक्का आणि गूळ हे नातं घरात सगळ्यांना ठाऊक होतं. त्यांच्या माहेरी उसाचं गुऱ्हाळ होतं. भाकरीबरोबर गूळ, चहात गूळ, रुसवा निघायला गूळ, अशी ही बाई. आणि त्या दिवसापासून तिनं गूळ सोडला तो सोडलाच. सणाला पुरण त्याच घाटायच्या, पण चव मला बघायला लावायच्या. संक्रांतीला कुणी तीळगूळ दिला की पदराच्या टोकाला बांधून घरी आणायच्या आणि पोरांना द्यायच्या. मला त्यांनी एका शब्दानं कधी टोचलं नाही. उलट मला कुणी बोललं तर त्याची धडगत नसायची. पण त्यांचं ते न खाणं रोज माझ्या ताटाशेजारी येऊन बसायचं. मी आणि आमचे हे, आम्ही दोघं केव्हाच सावरलो होतो. नाही तर नाही, म्हणून गिरणीत रमलो होतो. "आक्का, आता पुरं करा, खा की गूळ," असं मी कितीदा म्हटलं असेल. त्या कानाच्या पाळ्या धरायच्या. "देवीला दिलेला शब्द हाय नंदे. माघारी घेतला तर तुझंच वंगाळ हुईल." माझ्यावरच्या मायेनंच मला बांधून घातलं होतं. त्याबद्दल रागावणार तरी कुणावर?

भजनी मंडळाच्या बायका दरवर्षी संक्रांतीनंतर एक दिवस देवदर्शनाला जातात. परवाच्या वर्षी गाडी ठरवायचं काम आक्कांकडं होतं. एसटी स्टँडवर त्यांना एक कागद चिकटवलेला दिसला. मुकुट घातलेली, केस मोकळे सोडलेली, हात वर केलेली बाई. खाली लिहिलेलं, 'एका दिवसात राणीचं अख्खं राज्य. जेवणाचे डबे आपापले.' आक्कांनी ठरवलं, हे देवीचं नवीन ठाणं आहे. तिथंच फोन लावून अख्खी गाडी ठरवली. ज्या घरातून बाई सुटणं अवघड, त्या घरी स्वतः जाऊन सासूला सांगून आल्या, "देवाला चाललोय, सांजच्याला आणून सोडते." परंड्याचा समीर नावाचा तिशीतला माणूस भल्या सकाळी टेम्पो ट्रॅव्हलर घेऊन दारात आला. गाडी सुटताच भजन सुरू झालं. बिचारा समीर पुढं ड्रायव्हरशेजारी बसून टाळ्या वाजवत होता. आपल्या गिऱ्हाइकांना एवढा आनंद कसला झालाय हे त्याला कळेना.

भांडं फुटलं ते येडशीला, रामलिंगच्या जंगलात. समीरनं आम्हाला उतरवलं आणि देवळाच्या उलट्या बाजूला घळीतला एक मोठा खडक दाखवला. "मावशी, हितं राक्षस उतरला." मंडळातल्या शांताबाईंनी भाबडेपणानं हात जोडले आणि मग विचारलं, "कुणाचा राक्षस?" "सिनेमातला. हितून त्यो राणीच्या घोड्यामागं उडतोय ना..." तेव्हा उलगडा झाला. आमच्या भागात एका जादूच्या सिनेमाचं शूटिंग झालं होतं, उडणारे घोडे, बोलणारी झाडं आणि शापानं दगड झालेली राणी. त्याच्या जागा दाखवायचा समीरचा धंदा. मग शांताबाई उसळल्या, "आगं बया! घरी देवाला म्हणून सांगून आलोय की आमी! आता पुन्हा कोण सोडंल आमाला?" आक्कांचा चेहरा पडला. त्यांच्या शब्दावर या बायका निघाल्या होत्या. क्षणभरच... मग त्यांनी पदर खोचला. "आधी रामलिंगाचं दर्शन घेऊ. देवदर्शन झालं म्हंजे घरी खोटं बोलायचं काम न्हाय. मंग राणी तर राणी, तिला पण बघून येऊ. डबे बांधलेत न्हवं?" देवळात त्यांनी नेहमीप्रमाणं माझ्यासाठी मोठ्यानं मागणं मागितलं, आणि नेहमीप्रमाणं सगळ्या बायका वळून माझ्याकडं बघू लागल्या. मी नेहमीप्रमाणं माकडांकडं बघत उभी राहिले.

बार्शीवरून परंड्याला पोचलो तेव्हा ऊन चांगलंच वर आलं होतं. परंड्याच्या किल्ल्यात मी पहिल्यांदाच गेले. समीर भिंतीला पाठ लावून उभा राहिला आणि दोन्ही हात पसरून म्हणाला, "हितं सोन्याचा दरवाजा व्हता." "कुठं?" "कंप्युटरवर, मावशी!" असा हशा पिकला की बुरुजावरचे पारवे उडाले. पुढं तो दाखवायचा काहीच नाही आणि आम्ही बघायचो सगळं. इथं झाड बोललं, इथून घोडा खंदकावरून उडाला. शांताबाईंनी तर तोफेजवळ मुकुटासारखा पदर गुंडाळून फोटो काढून घेतला. हळूहळू माझ्या एक गोष्ट लक्षात आली. बायका इतक्या सैल झालेल्या मी कधी पाहिल्या नव्हत्या. रांग नाही, ओटी नाही, चपलांवर लक्ष ठेवायचं नाही. देवळात गेलं की काहीतरी मागावं लागतं, आणि मागायचं म्हणजे घरातलं दुखणं आधी आठवावं लागतं. इथं मागण्यासारखं कुणी नव्हतंच. एकजण पायऱ्यांवर पाय लांब करून नुसती बसली होती. मलाही त्या किल्ल्यात मोकळं वाटत होतं.

मग समीर आम्हाला एका बुरुजावर घेऊन गेला. "हितं राणी दगड हून हजार वर्षं उभी व्हती. शाप आसा, की तिच्या वंशात लेकरू जन्मंल, त्याचा हात तिला लागंल, तवाच ती सुटंल." बायका पुन्हा माझ्याकडं बघतील म्हणून मी आपलं भिंतीकडं तोंड फिरवलं. पण आक्कांचा आवाज आला. "हजार वर्षं?"

"व्हय, आक्का."

"हजार वर्षं लेकराची वाट बघत उभी. अन् तिनं सोता हलून बघितलं न्हाय का?"

समीर गोंधळला. आजवर कुणी त्याला हे विचारलं नसावं. "सिनेमात तसं न्हाय दाखवलं. शाप व्हता ना, आक्का."

"आसंल की शाप. पण हलून बघायला काय जातंय?"

सगळ्या हसल्या, समीरही हसला. आक्का हसल्या नाहीत. ती रिकामी जागा त्या कितीतरी वेळ बघत राहिल्या, आणि मग माझ्याकडं बघू लागल्या. कुणाच्या तरी डोळ्यांना आज मी पोटाच्या वर दिसत होते.

खंदकापलीकडं लिंबाच्या सावलीत आम्ही डबे सोडले. माझ्या डब्यात गुळाच्या पोळ्या होत्या. मी सगळ्यांना वाढल्या, आक्कांना सवयीनं वगळलं. तर त्यांनी हात पुढं केला. "नंदे, मला?" मला वाटलं शेंगाची चटणी मागताहेत. "चटणी न्हाय, पोळी दे." माझा हात थांबला. "आक्का, नवस..." त्या जवळ सरकल्या आणि कधी नव्हे ते हळू आवाजात बोलल्या. "येडाईला म्या सांगते. तिला पण कटाळा आला आसंल तेच तेच ऐकून. तुझं काय आडलंय सांग बरं? गिरणी चालवतीस, घर चालवतीस, माझी लेकरं तुझ्याच अंगाखांद्यावर वाढली. म्याच मेली उगं उभी ऱ्हायले... अन् तुला बी उभी केली."

मी पोळी दिली. त्यांनी तुकडा मोडला, तोंडात घातला, डोळे मिटले. डोळे उघडून त्या म्हणाल्या, "गूळ लई झालाय." आणि मला असं रडू कोसळलं, आणि रडता रडता हसू, की शांताबाईंना वाटलं ठसका लागला म्हणून त्या माझ्या पाठीवर थापट्या मारू लागल्या. इतकी वर्षं मी काय ओझं वाहत होते ते मला त्या पोळीनं दाखवलं. इतकं हलकं मला माझ्या लग्नातसुद्धा वाटलं नव्हतं.

कुजबुजणाऱ्या दोघींनी एवढंच पाहिलं आणि तेवढंच धरून ठेवलं. परतीच्या वाटेवर त्या डोळे मिटून पेंगत होत्या, म्हणून पुढचं त्यांना ठाऊक नाही. येरमाळ्याला डोंगराच्या पायथ्याशी आक्कांनी समीरला गाडी थांबवायला लावली. एकट्याच उतरल्या. रस्त्याच्या कडेला उभं राहून वर देवळाकडं बघत काहीतरी पुटपुटल्या, हात जोडले आणि येऊन माझ्याशेजारी बसल्या. मी विचारलं, "सांगितलं?" "सांगितलं." "काय म्हणाली?" "काय म्हणणार? ऐकून घेतलं तिनं." मग त्या माझ्या खांद्यावर डोकं टेकून कळंब येईपर्यंत घोरल्या. ज्या बाईला पाप केल्याची भीती वाटते ती अशी झोपत नाही. नवस मोडला नव्हता. जिच्यापाशी बोलला होता, तिच्यापाशीच तो त्यांनी मोकळा केला होता.

त्यानंतर आमच्या घरात गुळाचं राज्य आलं. पुरणाची चव त्या स्वतः बघू लागल्या, इतकी की पोळ्यांना पुरण उरायचं नाही. दुपारची जेवणं झाली की त्या फडताळातून गुळाचा डबा काढायच्या, बत्त्यानं खडा फोडायच्या, अर्धा स्वतःला, अर्धा माझ्या तळहातावर. मला उठायचा कंटाळा आला की म्हणायच्या, "ऊठ राणी, हलून बघ." पुढं कुठल्या देवळात गेलो तरी त्या नमस्कार करायच्या, आणि माझ्यासाठी मागायच्या नाहीत. आम्ही दोघी नुसत्याच हात जोडून बाहेर यायचो आणि भजी खायचो. दवाखान्यात शेवटची भेट झाली तेव्हाही मोठं काही बोलणं नाही. नाकाला नळी होती. ती बाजूला करून म्हणाल्या, "घरी जाऊन जेव. अन् गुळाचा डबा खालीच ऱ्हायलाय... मुंग्या लागतील." मी "बरं" म्हटलं आणि त्या सगळ्या धावपळीत विसरून गेले.

तेरावं झालं, पाहुणे गेले, महेशही आपल्या कामाला परतला. दुपारी एकटीच जेवले आणि आठवण झाली. डबा ओट्याखाली होता आणि आक्कांचं म्हणणं खरं ठरलं होतं, मुंग्यांची रांग लागली होती. फुंकर मारून मुंग्या उडवल्या, बत्त्यानं खडा फोडला. सवयीनं दोन तुकडे झाले. एक तोंडात टाकला. दुसरा तळहातावर धरून बसले... किती वेळ, कोण जाणे. बाहेर कुणीतरी डबा ठेवल्याचा आवाज आला. "नंदाकाकू, गिरणी चालू हाय का?" मी दुसरा तुकडाही तोंडात टाकला. "हाय, हाय," म्हणत उठले आणि बटण दाबायला गेले.