बुवांसारखा वरचा सा

अठ्ठावन्न वर्षांचा माणूस रोज सकाळी पेल्यात स्ट्रॉ बुडवून बुडबुडे काढतो, हे ऐकून कोणी हसलं तर हसो. हसतील त्यांचे दात दिसतील. मला आता लाजायचाही कंटाळा आलाय. अर्धा पेला पाणी घ्यायचं, ओठ मिटून स्ट्रॉतून 'ऊऽऽ' असा सूर सोडायचा आणि पाणी सारखं हलत ठेवायचं. पंधरा मिनिटं. अलिबागच्या दवाखान्यातल्या एका पोरीने हे शिकवलंय. बिघडलेले आवाज दुरुस्त करायचं तिचं शिक्षण आहे म्हणे. माझी बायको भाकरी थापता थापता ऐकते आणि म्हणते, "म्हशीपुढं आंबोण ठेवलं की अस्साच आवाज येतो."

मी पिठाची गिरण चालवतो. आमचं गाव मुरूडच्या रस्त्यावरून थोडं आत. शनिवार-रविवारी काशीदला निघालेल्या गाड्या आमच्या फाट्यावर अडकून पडतात, तेवढाच आमचा आणि पर्यटनाचा संबंध. पोट गिरणीवर चाललं, पण ओळख भजनाने मिळाली. आमच्याकडे दोन वाड्यांमागे एक भजनी मंडळ असतं आणि प्रत्येक मंडळाला एक बुवा. पेटी घेऊन पुढे बसतो आणि गातो तो बुवा. मागे टाळ वाजवत ओळ झेलतात ते झीलकरी. मी पंचविशीत झीलकरी म्हणून बसलो आणि पुढे पेटीपर्यंत सरकलो.

गळा कितीही गोड असो, आमच्याकडे बुवा ओळखला जातो तो त्याच्या लकबीवर. खाडीपलीकडचे एक बुवा सगळं नाकातून गायचे. एक बुवा गवळण सुरू करायच्या आधी उगाचच हसायचे. आणखी एक होते, त्यांच्या गालात कायम पानाचा तोबरा. तो सांभाळत गायचं म्हणून तोंड एका बाजूला वाकडं व्हायचं. त्यांचे चार शिष्य पान न खाता तोंड वाकडं करून गायचे. आम्ही त्यांना बघून पोट धरधरून हसायचो. तेव्हा वाटायचं, किती ही बावळट माणसं!

आमच्या बुवांची लकब मात्र हसण्यासारखी नव्हती. गजर चढत चढत टिपेला जातो, तिथे वरचा सा लागतो. बाकीचे गाणारे तिथे सूर लावून उभे राहतात. आमचे बुवा तिथे पोचता पोचता फुटायचे. आवाज मधूनच फाटायचा, हात कानावर जायचा, डोळे मिटायचे आणि उरलेली ओळ ते आमच्यावर सोडून द्यायचे. बायका पदर डोळ्यांना लावायच्या. म्हातारे म्हणायचे, देव समोर दिसतो हो याला, म्हणून गळा भरून येतो. मीसुद्धा रडलोय. एकदा नाही, दहादा.

माझा स्वतःचा आवाज वेगळा होता. बढाई मारत नाही, आता मारून उपयोगही नाही. तो सरळ वर जायचा आणि वर जाऊन थांबायचा. काही करावं लागत नव्हतं. एका सप्ताहात दुपारचा पहारा, म्हणजे भजनाची पाळी, आमच्या मंडळाकडे होती. बुवा कोणाकडे तरी जेवायला गेले होते, म्हणून मंडळाने मला पुढे बसवलं. गजर चढला, वरचा सा आला आणि मी त्यावर उभा राहिलो. किती वेळ, ते आठवत नाही. टाळ वाजवणारेसुद्धा टाळ धरून बघत बसले. डोळे उघडले तेव्हा बुवा देवळाच्या पायरीवर उभे होते. पाय धुवायला घेतलेला तांब्या हातात तसाच होता.

संध्याकाळी त्यांनी मला बाजूला घेतलं. "आवाज बरा हाय रे," ते म्हणाले, "पन कोरडा हाय. भक्ती न्हाय त्यात. देवासमोर उभा ऱ्हायला की मानसाचा गळा फुटतो. तुझा फुटत न्हाय."

झालं. त्या एका वाक्यावर मी माझा गळा फोडायला बसलो.

गिरणीच्या मागे बसायचो, मोटर चालू ठेवून. कोणाला ऐकू जाऊ नये म्हणून मोटर, आणि मोटरवर मला स्वतःला ऐकू यावं म्हणून मी आणखी मोठ्याने. सरळ जाणारा सूर मधेच कसा तोडायचा याला काही युक्ती नव्हती. गळा आवळायचा आणि खालून जोर लावायचा. आधी नुसता खोकला यायचा. मग रात्री जेवताना घास गिळताना दुखायचं. बायको विचारायची, काय होतंय? मी म्हणायचो, पिठाची धूळ. दीड वर्ष हे चाललं. मग एका दत्तजयंतीला माझा सा फुटला, अगदी बुवांसारखा, आणि समोर बसलेल्या बायकांनी पदर उचलले. बुवांनी माझ्या पाठीवर हात ठेवला. "आता तू माझा झालास," म्हणाले. त्या दिवशी माझे पाय जमिनीवर नव्हते.

पुढची तीस वर्षं मी फुटत राहिलो. गणपतीत फुटलो, गोकुळाष्टमीला फुटलो, दहाव्याच्या भजनांना फुटलो. बुवांचं वय झालं तशी बोलावणी मला येऊ लागली. लोक म्हणायचे, डोळे मिटून ऐकलं तर बुवाच. मला त्याचा केवढा अभिमान होता! हल्ली नवीन पोरं माझे व्हिडिओ बघून फुटायला शिकतात. झेरॉक्सची झेरॉक्स. मंडळात पाच जण गात असले तर पाचही जण वरच्या सा वर रडतात. कोणी सरळ जातच नाही. मला ते ऐकून वीट यायचा, आणि मग वाटायचं, आपण कोणत्या तोंडाने बोलणार?

गेल्या दिवाळीनंतर आवाज बसला तो उठेना. काढे झाले, हळद-दूध झालं, मध-आलं झालं. शेवटी बायकोने फरफटत अलिबागला नेलं. डॉक्टरांनी नाकातून बारीक कॅमेरा घशात सोडला आणि आतलं चित्र पडद्यावर दाखवलं. आवाजाच्या दोन पट्ट्या असतात, त्या दोन्हींवर गाठी. नांगर धरणाऱ्याच्या हाताला घट्टे पडतात ना, तशा. डॉक्टर तरुण होते, पण तोंड तिखट. "गिरणीची धूळ?" मी विचारलं. "धुळीने असं होत नाही," ते म्हणाले. "तुम्ही हे जोर लावून केलंय. वर्षानुवर्षं. कोणी सांगितलं होतं?"

कोणी सांगितलं होतं. मी पुन्हा पडद्याकडे बघितलं.

सहा आठवडे मौन मिळालं. बायको शेजारणीला सांगायची, "तेहतीस वर्षांनी घरात शांतता हाय, देवाची कृपा." दळण घेऊन येणाऱ्या बायकांशी मी खुणांनी बोलायचो आणि त्या मला मोठ्याने उत्तरं द्यायच्या. मी बहिरा झालोय असं त्यांना वाटायचं. मौन सुटल्यावर त्या पोरीकडे धाडलं. तिने बुडबुड्यांचा व्यायाम दिला आणि एक गोष्ट सांगितली, ती माझ्या डोक्यात जाऊन बसली. "काका, गाठी थोड्या कमी झाल्यात. घसा न आवळता गायला शिकलात तर तुमचा मूळचा आवाज थोडाफार परत येऊ शकतो. नक्की नाही सांगत हां." मूळचा आवाज! मला त्याची आठवणसुद्धा राहिली नव्हती. आणि आता एकदम तो हवाच झाला. आयुष्यात दुसरं काही नको, एकदा तो सरळ वर जाऊ दे, एवढंच मागणं घेऊन मी रोज पेल्यासमोर बसू लागलो.

माघातल्या सप्ताहाला मी गाणार नाही हे बुवांना सांगायला गेलो. त्यांची वाडी शेतांपलीकडे, बांधावरून वीस मिनिटं. बुवा आता त्र्याऐंशीचे. मुलाने स्लॅबचं घर बांधलंय, त्याच्या पडवीत खाटेवर पडलेले असतात. नजर जवळजवळ गेलीय. अंगणात वालाच्या शेंगा वाळत होत्या आणि सून बाहेरगावी गेली होती, त्यामुळे आम्ही दोघंच. मी हळू आवाजात सगळं सांगितलं. कॅमेरा, गाठी, पट्ट्या. डॉक्टर काय बोलले तेही.

बुवांनी चाचपडत पांघरूण छातीवर ओढलं. मग म्हणाले, "माझ्याबी असतील बघ गाठी. वीस-बावीस वर्सांचा असताना छातीचा मोठा आजार झाला. उठलो तेव्हा आवाज वर जाईना. पेटी सोडायची जिवावर आली. मग वर पोचायच्या आधी सोडून द्यायचो, हात कानावर. लोक रडायला लागले. मी म्हटलं, चालतंय तर चालू दे."

मला आधी समजलंच नाही. मी विचारलं, "म्हणजे ती भक्ती नव्हती?"

"भक्ती हुती की. पन फुटायचा तो आजारानं फुटायचा."

"आणि माझा? माझा तर वर जात होता, बुवा."

"व्हय. ऐकला मी. पायरीवर उभा हुतो." त्यांनी मान भिंतीकडे वळवली. "तू तसा गायला असतास तर मला कोन इचारनार हुतं? दोन वर्सांत पेटी तुझ्याकडं गेली असती. माझ्याकडं दुसरं काय हुतं रे?"

मी उठलो. वहाणा पायात घातल्या. या माणसाला मी वडिलांच्या जागी मानलं. म्हातारपणी याची नजर जाऊ लागली तेव्हा रायगडभर डॉक्टर शोधले. आणि याने एका दुपारचा हेवा मनात धरून माझा चांगला गळा माझ्याच हाताने फोडायला लावला, वर पाठीवर हात ठेवला. मला भयंकर राग आला. म्हाताऱ्या माणसावर ओरडायचं म्हटलं तर ओरडायला आवाज नव्हता.

घरी येऊन बायकोला सांगितलं. मला वाटलं ती माझ्या बाजूने उभी राहील. ती म्हणाली, "म्हातारा लबाड निघाला, खरं. पन तुमी काय कुकुलं बाळ हुता? दीड वरीस घास गिळवत नव्हता तुमाला. त्यो तर गिरनीमागं येऊन बसत नव्हता." मग चिडून उठली आणि थोड्या वेळाने चहा घेऊन आली. मी चहा घेतला. तोंड वाकडं करून गाणाऱ्या त्या चौघांना मी हसलो होतो.

तीन महिने मी बुवांच्या वाडीकडे फिरकलो नाही. व्यायाम मात्र चुकवला नाही. पोरीने बुडबुड्यांवरून गुणगुणण्यावर आणलं, गुणगुणण्यावरून खालच्या सुरांवर. खालचे सूर स्वच्छ लागायला लागले. मधले लागले. गिरणीत पट्टा चढवताना नकळत काहीतरी गुणगुणत होतो, तर दळणाची बाई म्हणाली, "दादा, रेडिओ लावलाय का?" मी घरी येऊन दोन भाकऱ्या जास्त खाल्ल्या. वरचा सा मुद्दाम लावून बघितला नव्हता. पोरीने मना केलं होतं, आणि मला भीतीही वाटत होती.

चैत्रात बुवांचा मुलगा गिरणीवर आला. दळण नव्हतं हातात. "बाबांनी अन्न सोडलंय," म्हणाला. "तुम्हाला बोलवतात. दुसरं काही मागत नाहीत." मी सांगितलं, येतो म्हण. नंतर वाटलं, नको जायला. त्या माणसाचं मी काय देणं लागतो? पण गिरण बंद केली आणि पाय बांधावर वळले. दमलो होतो मी त्या रागाला. रोज तो सकाळी माझ्याबरोबर उठायचा.

बुवा खाटेत मावळल्यासारखे झाले होते. उशाला मुलगा बसला होता. माझा आवाज ऐकून त्यांनी हात पुढे केला, तो मी धरला. माफी वगैरे मागतील असं वाटलं होतं. मागितली नाही. म्हणाले, "त्या दुपारचा गजर म्हन. सरळ घे. मी त्यो पुरा ऐकला न्हाय, तू डोळे उघडलेस तसा पायरीवरून माघारी गेलो हुतो. आता ऐकू दे."

पेटी नव्हती, टाळ नव्हते. मी बसलो, पाठ ताठ केली, पोरीने शिकवलं तसा खांदा सैल सोडला, मान सैल सोडली. खालून सुरुवात केली. आवाज जुना झाला होता, पण माझा होता. मधल्या सुरांवर आला तेव्हा मुलाने मान वर करून माझ्याकडे बघितलं. बुवांचे ओठ हलत होते. मी घसा आवळला नाही, जोर लावला नाही, हात मांडीवर ठेवला. एक एक पायरी चढत गेलो आणि मनात म्हटलं, जा बाबा, जा. वरच्या सा पाशी पोचलो आणि आवाज फाटला.

बुवांनी माझा हात दाबला, थोडा रागानेच.

"लकब नको रे आता," ते म्हणाले. "सरळ घे."

"सरळच घेतला, बुवा," मी म्हणालो.