ताईंनी स्वतःच्याच कामाला दिलेला दुसरा क्रमांक

शैलजाताई म्हात्रे यांची आणि माझी पहिली भेट भांडणाने झाली, हे या गौरवपुस्तिकेत आधीच सांगून टाकतो. उल्हासनगर कॅम्प चारमधल्या आमच्या औषधांच्या घाऊक पेढीत मी गोदाम सांभाळत होतो आणि ताई संगणक विभागात नव्याने रुजू झाल्या होत्या. अंबरनाथ शाखा म्हणायची मागणी पाठवली, मी म्हणायचो मिळालीच नाही. ताईंच्या टेबलापाशी जाऊन मी आवाज चढवला. त्यांनी खुर्ची पुढे सरकवली आणि म्हणाल्या, "बसा हो जाधवभाऊ. तुम्ही खोटं बोलत नाही, शाखाही खोटं बोलत नाही. निरोप मधल्या मध्ये गळतोय. कुठे, ते शोधू या."

नेट गेलं की निरोप हरवतात, असं निघालं. ते गळू नयेत, म्हणून नेट येईपर्यंत ते रांगेत धरून ठेवणारं सॉफ्टवेअर मध्ये बसवायचं ठरलं. आमचे शेठ सिंधी. मनाने दिलदार, पण घाई भारी. "अरे बाबा, जो सबसे फास्ट है वो लगा दो ना!" ताई म्हणाल्या, "लगाएंगे शेठ, पहले देखते हैं कौन क्या भूलता है." त्यांनी तीन सॉफ्टवेअर तीन जुन्या संगणकांवर चढवली आणि काम ऐन रंगात आलं की खुशाल वायर उपटायला सुरुवात केली! आम्ही कपाळाला हात लावायचो. सगळ्यात वेगवान होतं, ते वीज गेली की रांगेतलं सगळं विसरायचं. दुसरं होतं, ते काहीच विसरत नव्हतं, पण त्याला लागणारा मशीनांचा फौजफाटा आमच्यासारख्या पेढीला झेपणारा नव्हता. तिसरं तसं बेताचं. पण गोदामाकडून मिळाल्याची पोच येईपर्यंत निरोप हातचा सोडत नसे. ताईंनी तिसरं निवडलं. शेठ कुरकुरले, पण तयार झाले.

पुढे एकदा बदलापूरचं नेट दिवसभर गेलं. आलं तेव्हा शाखेच्या साऱ्या मागण्या ओळीने माझ्यापुढे हजर! त्यात एका लहान मुलीचं इन्सुलिन होतं, ते लगेच रवाना झालं. दुसऱ्या दिवशी शेठ सगळ्यांसाठी दाल-पकवान घेऊन आले आणि पहिली प्लेट त्यांनी ताईंच्या हातात दिली.

ताईंचा स्वभाव कोरडा वाटतो, पण तसा तो नाही. माझ्या आईचं ऑपरेशन झालं तेव्हा कुळगावच्या त्यांच्या घरून रोज डबा यायचा. आभार मानायला गेलो, तर म्हणाल्या, "भाजीत मीठ बरोबर होतं का तेवढं सांगा."

त्या रांगेत एकच उणं होतं. मुख्य मशीन बंद पडलं, तर राखीव मशीन आपोआप चालू होत नसे. कुणीतरी येऊन ते चालू करावं लागे. हे कुणीतरी म्हणजे अर्थात ताई. एकदा तर सख्ख्या भाचीच्या हळदीतून उठून त्या रिक्षाने धावत आल्या होत्या. भाचीला लावायला घेतलेली हळद हातावर वाळलीसुद्धा नव्हती. हा किस्सा आम्ही नव्या माणसांना अभिमानाने सांगत आलो.

गेल्या वर्षी शेठनी पेढी विकली. नव्या मालकांचं याच कामासाठी स्वतःचं सॉफ्टवेअर होतं. ताईंच्या नावाचा दबदबा त्यांनीही ऐकलेला, म्हणून त्यांनी ताईंनाच सांगितलं, दोन्हींची तुलना करा आणि कोणतं ठेवायचं ते सांगा. जुनं राहिलं असतं, तर ते सांभाळायला साठीनंतरही ताईंना मुदतवाढ मिळणार होती. नाहीतर नाही. आणि त्यांना थांबायचं होतं हो! "घरी बसून काय करू, जाधवभाऊ? मला हे काम आवडतं," असं त्या स्वतः मला म्हणाल्या होत्या. मी सरळ सुचवलं, "ताई, थोडं इकडचं तिकडे करा. कोण बघतंय?" त्या नुसत्या हसल्या.

त्यांनी पुन्हा वायरी उपटल्या. अहवालात नव्या सॉफ्टवेअरला पहिला क्रमांक आणि आपल्या रांगेला दुसरा. कारण काय, तर मशीन बंद पडल्यावर नव्यात राखीव मशीन आपणहून चालू होतं, जुन्यात माणसाला धावत यावं लागतं! माझं डोकंच फिरलं. "अहो, हा काय दोष झाला? ही तुमची निष्ठा आहे!"

"जाधवभाऊ, मी हळदीतून उठले याचं तुम्हाला कौतुक वाटलं. मला नाही वाटलं. भाचीला हळद लावायची राहिली ती राहिलीच. उद्या माझ्या जागी जी येईल, तिला तरी घरचं कार्य पुरं बघू दे."



या महिनाअखेर जुनी रांग बंद होईल आणि ताई निवृत्त होतील. त्यांचं बरोबर आहे, हे मला कळतं. जुन्याच्या जोडीला सुरू केलेलं नवं सॉफ्टवेअर चांगलं चाललंय, हेही खरं. तरी इतक्या चोख माणसाला आपण ठेवून घेऊ शकलो नाही, याची हळहळ काही केल्या जात नाही.

ताई, तुम्हाला उदंड आयुष्य लाभो. गुडघे साथ देवोत, डोळे शाबूत राहोत आणि घरचं एकही कार्य आता तुमच्याविना न होवो. समारंभात सगळे तुमच्या प्रामाणिकपणासाठी टाळ्या वाजवतील. मी वाजवणार नाही, राग मानू नका. आम्हाला तुम्ही हव्या होतात.