सरकार पडल्याची पक्की बातमी

कोपरला आमची इमारत ज्यांच्या शेतावर उभी राहिली, ते आगरी मालक तळमजल्यावर राहायचे. त्यांचा थाट असा, की अख्खी इमारत त्यांना ‘सरकार’ म्हणायची.

नव्वदच्या दशकातली गोष्ट. दिल्लीत टेकूवर उभी सरकारं येत-जात होती, आणि वागळे इस्टेटमधल्या कंपनीतून निवृत्त झालेले माझे बाबा शेअर बाजारात रमले होते. सरकार पडलं की बाजार पडतो, म्हणून बातमी आपल्याला सगळ्यांच्या आधी कळली पाहिजे, एवढंच त्यांचं म्हणणं. त्यासाठी ते तीन पेपर घ्यायचे.

एका सकाळी बाबा दाढी करत होते. नेहमीची मासेवाली मावशी जिन्यातूनच सांगत आली, “अगो बाय, सरकार परलं.”

बाबा फेसाळ गालांनिशी फोनकडे धावले. इकडे मावशी मला पुढचं सांगत होती. गच्चीवर टाकी बघायला गेलेले सरकार उतरताना चार पायऱ्या घसरले होते. मी बाबांना सांगायला गेले, तर त्यांनी वस्तरा उगारून मला गप्प केलं.

“सगळं विका,” ते ठाण्याच्या दलालाला म्हणाले. “सरकार पडलं. बाई डोळ्यांनी बघून आली आहे.”

“दिल्लीहून?”

“ते विचारू नका.”

फोन ठेवल्यावर मी त्यांना खरा प्रकार सांगितला. त्यांनी वस्तरा खाली ठेवला. मग दलालाला फोन लावत राहिले, पण तो सतत एंगेज. शेवटी त्याचाच आला. “काका, मानलं तुम्हाला. मुंबईहून दोघांनी तेच सांगितलं. माझ्या सगळ्या गिऱ्हाइकांनी विकायला काढलंय.”

बाबा माझ्याकडे वळले. “अगं, तिकडचंही पडलं की काय?”

आपणच सोडलेली बातमी मुंबईला जाऊन परत आली, हे त्यांना पटेना. त्यांनी टीव्ही लावला. पंतप्रधान कुठल्याशा धरणाची फीत कापत होते. चेहरा प्रसन्न.

दिल्लीचं सरकार शाबूत असल्याचं दुपारपर्यंत दलालालाही कळलं. बाबांनी तेच शेअर जरा चढ्या भावाने परत घेतले आणि दाढीची उरलेली बाजू उरकून सरकारांना बघायला गेले. मीही गेले. सरकार पाय उशीवर टाकून पडले होते. बाबांनी खालमानेने सगळं कबूल केलं.

सरकारांनी नीट ऐकून घेतलं. रागावले नाहीत. फक्त विचारलं, “मी परलो, तं बाजार किती परला?”

“अगदी थोडा,” बाबा म्हणाले. “तासाभरात सावरला.”

सरकारांचा चेहरा उतरला. त्यांनी आम्हाला चहा दिला, पण स्वतः घेतला नाही.