पाठ केलेला तक्ता

मंडळी, आज कंपनीत माझी चोरी पकडली गेली आणि मला त्याचा आनंदच झालाय.

चाकणला मी पार्ट तपासायला बसतो. वर्षभर जवळचं धूसर दिसतंय. पण बोललो तर टेबलावरून उठवतील, म्हणून बारीक चीर नखानं चाचपून ओळखायचो.

आज डोळ्यांवर संशोधन करणाऱ्या डॉक्टर मॅडम कंपनीत आल्या. माझ्याआधी डोळे तपासून आलेल्या संतोषकडून मी वाचायचा तक्ता पाठ करून घेतला आणि घडाघडा म्हणून दाखवला.

मॅडमनी नुसता डोळ्यात उजेड मारला, एकेक भिंग धरून पाहिलं आणि हसल्या. “दादा, तक्ता पाठ होतो, डोळा नाही होत. या फॉर्मवर तुमचं नाव नाही, फक्त नंबर आहे. खरं सांगा.”

सांगितलं. त्यांनी तपासणीचा चष्मा चढवला आणि म्हणाल्या, “आता तुमचं काम आणा बघू.”

सकाळी मीच पास केलेला पार्ट आणला. त्यावर केसाएवढी चीर होती. नखाला ती लागलीच नव्हती.

लॉट मी स्वतः सुपरवायझरला सांगून थांबवला. चष्मा लावायचा ठरला आणि टेबल माझंच राहिलं. मॅडम, पकडलंत म्हणून थँक्यू.

राव, तुमच्यात कोणी तक्ता पाठ करून बसलंय का? तो पार्ट ब्रेकचा होता.