राखणदाराचा घास मी उचलला

आधीच सांगते, मी भुताखेतांना मानणारी बाई नाही. जर्मनीत एश्बॉर्नला सॉफ्टवेअर टेस्टिंग करते. पुराव्याशिवाय मी कुणाचंच ऐकत नाही - नवऱ्याचं तर नाहीच.

गेल्या मे महिन्यात आम्ही दोघं तिथल्याच ब्रांडेनबुर्ग राज्यात फिरायला गेलो होतो. श्प्रेवाल्डच्या प्रसिद्ध कालव्यांपासून गाडीने अर्ध्या तासावर, तळ्याकाठचं छोटं सुट्टीचं गाव... आणि त्याच्या मागे चक्क वाळवंट! पूर्वी तिथे रणगाड्यांचा सराव चालायचा, त्यात झाडं गेली आणि वाळू उरली. गावाचं नाव मुद्दाम देत नाही, तिथली माणसं भली आहेत.

सकाळी अकरा वाजता, लख्ख उन्हात आम्ही वाळूच्या कडेला पोचलो. नितीन, माझा नवरा, कुडाळचा. डबा घेऊन परक्या रानात शिरायचं तर आधी त्या जागेच्या राखणदाराला घास ठेवायचा, ही त्यांच्या घरची रीत. त्याने वाटेवरच्या सूचनेच्या पाटीखाली घावनाचा तुकडा ठेवला, हात जोडले आणि पुटपुटला, "बा राखणदारा, तुझ्या हद्दीत इलाव. चुकला-माकला पोटात घाल."

"अरे, इथल्या राखणदाराला मालवणी कळणार आहे का?"

"भूक सगळ्यांना कळते गं," म्हणत तो पुढे गेला.

मागून एक जर्मन जोडपं येत होतं. कचरा टाकला म्हणून चारचौघांत बोलणी खावी लागतील, या धास्तीने मी तो घास गुपचूप उचलून कचऱ्याच्या पिशवीत टाकला. जोडपं तळ्याकडे वळलं. मी नितीनला गाठलं, मग फोटो काढायला तो माझ्या मागे थांबला.

पहिला फटका कानावर बसला. मी तोंडावर पडले, डोळ्यांत वाळू गेली. मग कुणीतरी केस धरून माझं तोंड वाळूत घासलं. पाठीत बुक्के, बरगडीत लाथा... आतून कट्कन आवाज आला. गळ्याभोवती बोटं आवळली. इतकी भीती मला आयुष्यात कधी वाटली नव्हती. आणि एकदम सगळं थांबलं. डोळे उघडले तेव्हा नितीन शेजारी गुडघ्यांवर बसला होता. वाळूत पावलं फक्त आमच्या दोघांची होती.

हॉस्पिटलमध्ये डॉक्टरीणबाईंनी त्याला बाहेर काढलं आणि माझ्या गळ्यावरचे वळ बघत विचारलं, "नवरा मारतो का?"

"नाईन... नाही."

"मग कोणी मारलं?"

"म्हणजे... तिथे कोणीच नव्हतं."

घासाचं मी बोललेच नाही. पोलीस आले. त्यांनी नितीनला काही दिवस घराबाहेर राहायला सांगितलं. नऊ वर्षांत माझ्यावर आवाजही न चढवलेला माणूस, मुकाट बॅग भरून मित्राकडे गेला.

आता तो परत आलाय. बरगडी जुळली. त्या दिवशी काय झालं, हे मला आजही सांगता येत नाही. नितीनला फोटोसाठी फोन काढल्याचं आठवतं, त्यानंतर थेट मी पडलेली. मधलं काहीच नाही. अजूनही जेवताजेवता तो हात थांबवून विचारतो, "खरं सांग... मीच होतो का?"

मी दर वेळी ठामपणे सांगते, "नाही रे, मी पाहिलं ना."

मी काहीही पाहिलेलं नाही.