दादाच्या नावापुढचा रकाना

मागच्या आठवड्यात मी स्वतःलाच पूर्वजांत नेऊन बसवलं. झालं असं, की आमच्या घराण्याच्या वेबसाइटवर माझा थोरला चुलतभाऊ अरविंददादा याच्या नावापुढे निधनाची तारीख भरायची होती. ती मी भरली माझ्या नावापुढे. अरविंद, आणि त्याच्या लगेच खाली अरुण. चष्मा कपाळावर, बोटं घाईत... ओळ चुकली. थोड्याच वेळात इंदूरच्या आत्याचा माझ्या बायकोला फोन. "शुभा, अगं अरुण गेला आणि तुम्ही कळवलंसुद्धा नाही?" शुभाने वळून माझ्याकडे पाहिलं. मी पोह्यांवर शेव घालत होतो. "आत्या, तुम्ही त्यांनाच विचारा," म्हणाली आणि फोन माझ्या हातात दिला. दादा असता तर पोट धरून हसला असता. पण दादा असता, तर ती तारीख भरायची वेळ कशाला आली असती...

दादा रेल्वेत सिग्नलच्या कामावर होता. निवृत्त झाला आणि बडोद्याच्या वाडी भागातल्या घराच्या मागच्या खोलीत संगणक मांडून बसला. आमचे पणजोबा संस्थानच्या फौजेत होते. आता त्यांचा गोतावळा बडोदे, इंदूर आणि कुठे कुठे पांगलेला. त्या सगळ्यांना एका पानावर आणायचं त्याने मनावर घेतलं. पानावर दोन स्लायडर केले, वर घरातल्या माणसांचा, खाली पूर्वजांचा; स्लायडर म्हणजे एक फोटो सरकतो, दुसरा येतो. सुरुवातीला प्रत्येक फोटोचं नाव त्याने पानात हाताने, एकाखाली एक लिहिलं होतं, म्हणजे क्रम कायमचा ठरलेला. तिथेच ठिणगी पडली. पाणीगेटला राहणारे आमचे नानाकाका तडक वाडीत हजर, नेहमीसारखं अर्धं गुजराती बोलत. "एम नहीं चाले, अरविंद! घराण्यात आमची पाती थोरली, आणि आमचे वडील, अण्णा, पूर्वजांत सगळ्यांच्या शेवटी?" लग्नपत्रिकेतल्या नावांवरून अबोला धरणारी माणसं आम्ही. फोटोवरून का सोडू?

दादा वाद घालत बसला नाही. तो सर्व्हरवरचा कोड शिकायला बसला. व्हिडिओ बघायचा, चुकायचा, स्वतःशी बडबडायचा, आणि मग मला बोलावून समजावायचा. "हे बघ, पान म्हणजे गाडी. सिग्नल गाडीत नसतो, केबिनमध्ये असतो. कुणी साइट उघडली, की केबिन नावांचा तक्ता बघणार आणि त्या घटकेला फोटो लावून देणार. दर वेळी वेगळ्या क्रमाने." मी विचारलं, "मग पहिला मान कुणाचा?" "कुणाचाच नाही. सर्व्हरला पाती कळत नाही." नानाकाका पान पुन्हा पुन्हा उघडत राहिले. अण्णा पहिले आल्यावर त्यांनी स्क्रीनचा फोटो काढून सगळ्या गोतावळ्याला पाठवला: "हवे बराबर, आता जमलं." दादाने मुकाट्याने अंगठा पाठवला.

मलाही त्याने शिकवायचा प्रयत्न केला. एकदा माझ्या हातून अख्खी साइट पांढरी झाली, तर म्हणाला, "कोडमधला अर्धविराम खाल्लास तू. सेव-उसळ कमी पडते का रे?" पण एक गोष्ट तो अगदी गंभीरपणे सांगायचा. तक्त्यात प्रत्येकाची एक ओळ, आणि ओळीच्या शेवटी एक रकाना. तो रिकामा असेल तर माणूस वरच्या स्लायडरमध्ये, घरातल्या माणसांत. त्यात तारीख पडली की खाली, पूर्वजांत. "गेलेल्या माणसाचा फोटो इकडून उचलून तिकडे ठेवायला माझा हात नाही होत, अरुण. तारीख भरायची. बाकीचं सर्व्हर करेल." काकू, म्हणजे त्याची आई, गेली तेव्हा मी शेजारीच होतो. त्याने तारीख भरली, आणि पान न बघताच उठून मोरीवर हात धुवायला गेला. बराच वेळ पाण्याचा आवाज येत राहिला...

त्याची बातमी आली तेव्हा मी खंडेराव मार्केटात वांगी निवडत होतो. "भाऊजी, हे बोलत नाहीयेत," एवढंच वहिनी म्हणाल्या. मी पोहोचलो तेव्हा सगळं संपलं होतं.

बाराव्याला गुरुजींनी पिंडात पिंड मिसळले आणि म्हणाले, आता हे पितरांत मिळाले. नानाकाका उपरण्याने डोळे पुसत माझ्याजवळ आले. "साइटवर पण कर रे. नियम त्याचाच ने?" मी मान हलवली. पण मला माहीत होतं, वहिनी रोज सकाळी चहा घेऊन टॅबलेटसमोर बसतात. वरच्या स्लायडरमध्ये दादा येईपर्यंत उठत नाहीत. क्रम रोज वेगळा. कधी तो लगेच येतो, कधी सगळं घराणं सरकून गेल्यावर. तारीख भरली, की तो तिथे येणारच नाही. म्हणून मी टाळत राहिलो, नानाकाका विचारत राहिले. शेवटी एकदाची भरली, तर ती ही अशी! आत्याच्या फोननंतर मी माझ्या रकान्यातली तारीख खोडली आणि क्षणात जिवंत माणसांत परत आलो. दादासाठी तशी सोय नव्हती. त्याच्या ओळीपर्यंत गेलो, आणि बोट उचलेना.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी शुभाला घेऊन वाडीत गेलो. वहिनींच्या कानावर सगळं आलं होतं. "काय भाऊजी, यांच्या पुढे रांगेत घुसलात?" म्हणाल्या, हसल्या, आणि हसता हसता टॅबलेटकडे बघू लागल्या. मी म्हटलं, "वहिनी, राहू दे. नानाकाकांना सांगतो, साइट बिघडली आहे."

"त्यांनी केलेली साइट बिघडली म्हणून सांगणार?" त्या एकदम म्हणाल्या. "नाही हं. चुकीचा सिग्नल त्यांना कधी खपला नाही." मग टॅबलेट माझ्यापुढे सरकवत म्हणाल्या, "कुठे भरायचं ते दाखवा. मी भरते."

एका बोटाने, एकेक आकडा शोधत त्यांनी तारीख भरली. मी पान पुन्हा उघडलं. वर घरातली माणसं सरकत होती, त्यांत दादा नव्हता. वहिनींनी तिकडे पाहिलंच नाही. त्या खालच्या स्लायडरवर नजर लावून बसल्या. पागोट्यातले पणजोबा आले, अण्णा आले, काकू आली... आणि मग दादा, खिशाला पेन, उन्हाने डोळे बारीक केलेला. "आईंच्या मागोमाग आले," वहिनी हळूच म्हणाल्या. पदराने टॅबलेटची काच पुसली आणि तो जरा जवळ ओढून घेतला.

स्कूटरवरून घरी परतलो. घराचं कुलूप काढताना शुभा माझ्याकडे न बघता म्हणाली, "ती साइट उघडायची कशी, ते मला शिकवून ठेवा. पण तारीख कुठे भरायची, ते नका शिकवू."